साक्षीत नसलेल्या बाई

बाई,

सगळी शाळा तुम्हांला बहनजी म्हणायची, मी एकटीच बाई म्हणायची, आणि तेही आसपास कुणी नसलं की. झाशीतल्या त्या मिशनच्या शाळेत घरी मराठी बोलणारी मुलगी बहुधा मी एकटी होते, आणि शिकवणाऱ्यांत तुम्ही एकट्या. तुमचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदारांच्या काळात इकडे आले, माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी लागली म्हणून नगरहून आले. तुम्ही मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत भावाच्या घरी राहायचात, चतुर्थी-एकादशी धरायचात. आम्ही रेल्वे कॉलनीतले ख्रिस्ती. आमच्या घरी चर्चलाही देऊळच म्हणत, त्यामुळे रविवारी मी देवळात गेले होते असं सांगितलं की तुम्ही विचारायचात, तुमच्या देवळात की आमच्या? आणि स्वतःच हसायचात. तुमच्या मराठीत फडताळ आणि न्हाणी असे, आमच्या मराठीत पाळक आणि मंडळी. तरी दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. तुम्हांला जाऊन आता बावीस वर्षं झाली आणि मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण काल सकाळी मी चार लोकांत तुमच्याविषयी एक गोष्ट बोलून बसले आहे. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोनदा साडी बदलली, कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, आणि डाळीचा पार लगदा झाला.

मी आता पंचावन्न वर्षांची आहे. चोवीस वर्षं पाळक आहे, लोक मला पास्टर दीदी म्हणतात. आमच्या चर्चनं या भागातल्या सगळ्या मंडळ्यांवर, इथल्या बोलीत कलीसियांवर, एक प्रमुख नेमायचा ठरवला आहे, झाशीपासून ललितपूरपर्यंत, बबीन्याच्या छावणीतली मंडळी धरून. पाच जणांच्या समितीनं माझं नाव काढलं. या जागेवर आजवर बाई बसलेली नाही. येत्या रविवारी ते नाव देवळात वाचून दाखवतील आणि मग मागे फिरता येणार नाही. त्याआधी एकच गोष्ट उरली होती ती म्हणजे साक्ष. ही रीत तुम्ही शाळेत बसून दुरून पाहिलेली आहे. आमच्यात पुढारपण घेणाऱ्यानं आधी सांगावं लागतं की देवानं आपल्याला कसं बोलावलं. मराठीत आम्ही त्याला पाचारण म्हणतो, इथले लोक बुलाहट म्हणतात. त्या सांगण्याचा साचा ठरलेला आहे. गाव कोणतं, वार कोणता, त्या वेळी कोणतं वचन कानावर पडलं, आणि मग डोळ्यांत पाणी. ज्याच्यापाशी गाव आणि वार नाही त्याच्याकडे लोक विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघतात. माझ्यापाशी गाव होतं, वार होता, सगळं होतं. फक्त ते साच्यात बसत नव्हतं, कारण त्यात तुम्ही होतात.

मी तेव्हा नववीत होते. एप्रिल संपत आलेला, शाळा सकाळची. प्रार्थनेचं काम तुमच्याकडे. हिंदू बाईकडे मिशनच्या शाळेची प्रार्थना कशी, हा प्रश्न बाहेरच्यांना पडे, आम्हांला कधी पडला नाही. आवाज तुमचा होता, उच्चार तुमचे होते आणि शिस्तही तुमचीच होती. शास्त्रपाठ वाचणारीला तुम्ही आदल्या दिवशी पाचदा वाचायला लावायचात आणि अर्थ विचारायचात. अर्थ सांगता आला नाही तर पाद्री साहेबांना विचारून ये आणि मगच वाच, असं बजावायचात. तुमचं ते बायबल शाळेच्या कपाटात असे, घरी कधी नेलं नाहीत. एकदा एका नव्या मास्तरणीनं लाडीगोडीनं विचारलं होतं की बहनजी, निम्मं शास्त्र तुम्हांला पाठ आहे, मग आमच्यातच का येत नाही? तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "बेटी, मेरा अपना है, मुझे पूरा पड़ता है." त्यानंतर तो विषय शाळेत कुणी काढला नाही.

त्या दिवशी प्रार्थना करायची पाळी माझी होती. वर्ग झाडणारी, नाल्या काढणारी आमची अम्मा पहाटे गेली होती, आणि शिपायानं ही बातमी सगळ्यांना सांगितलेली होती. आम्ही मुलींनी ती ऐकली आणि अरेरे म्हटलं. मग मी पुढे जाऊन घोकलेली प्रार्थना म्हटली. देशासाठी म्हटली, राज्यकर्त्यांसाठी म्हटली, आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, पावसासाठी. मुलींनी आमेन म्हटलं आणि रांगा वर्गांकडे वळल्या. तुम्ही मला खूण करून थांबवलंत. वाटलं, उच्चार चांगले झाले म्हणून शाबासकी मिळणार. तुम्ही अगदी हळू आवाजात म्हणालात, "दिल्लीपर्यंत पोचलीस गं. अम्मा तेवढी राहिली." मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. ख्रिस्ती मी, प्रार्थना आमची, आणि चूक काढणार तुम्ही. पण तुम्ही पुढचं ठरवूनच आला होतात. सुट्टी झाल्यावर घरी जायचं नाही, माझ्याबरोबर चलायचं, एवढंच सांगून तुम्ही वर्गावर गेलात.

टांगा रेल्वेलाइनीपर्यंत मिळाला. पुढं अम्माच्या बस्तीत पायी. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, गरम वाऱ्याची लू सुटली होती, आणि तुम्ही पदर डोक्यावर घेऊन माझ्यापुढे भराभर चालत होतात, जणू रस्ता ठाऊक आहे. ठाऊक नव्हता. दोनदा चुकलो. अम्माचं घर एका खोलीचं. ती बर्फाच्या लादीवर ठेवलेली, मुलगा बीनाहून यायचा होता, त्याच्यासाठी थांबले होते. अम्मा आमच्याच मंडळीतली, शेवटच्या बाकावर बसणारी, पण मंडळीतलं तोवर कुणीही फिरकलं नव्हतं. पाद्री साहेब बबीन्याला गेलेले, ते दफनाच्या वेळेला येणार होते. तुम्हांला बघून सगळी गडबडली. खाट रिकामी केली, तिच्यावर चादर घातली, तुम्हांला बसवलं, मी खाली बसले. मग अम्माच्या सुनेनं थाळीत दोन स्टीलचे पेले आणले. "बहनजी, पानी पी लेओ." तुम्ही पेला उचललात, हातात धरलात, आणि थोड्या वेळानं खाटेच्या पायाशी ठेवून दिलात. भरलेला.

इथं मला जे खरं आहे तेच लिहायचं आहे. तुमच्या घरी मी कितीदा आले असेन. तुमच्या वहिनी मला ओसरीवर बसवायच्या आणि पाणी द्यायच्या. तो गडू आत फडताळात नसे, बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असे. मला तेव्हा ते समजत नव्हतं असं मी म्हणणार नाही. समजत होतं. पाण्याची ती रीत माझ्या आजोबांनी नगरकडे दुसऱ्या बाजूनं भोगली होती, त्यामुळे आमच्या घरात ती कुणाला शिकवावी लागत नसे. म्हणून तुमचा पेला खाली टेकला तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी माझं पाणी एका दमात प्यायले, आणि ते पुरलं नाही, म्हणून हात लांब करून तुमचंही पिऊन टाकलं. कुणाची लाज राखायला नव्हे. मला तहान लागली होती, बाई. जिभेला कोरड पडली होती आणि समोर भरलेला पेला होता. सुनेची नजर त्या पेल्यावर खिळली होती हे मला प्यायल्यानंतर कळलं, तिचा चेहरा सैल पडला तेव्हा. कोपऱ्यातून अम्माचा म्हातारा नवरा म्हणाला, "बिटिया, तुमई कछू बोल देओ." पाठ केलेली प्रार्थना तिथं चालणारी नव्हती. मी म्हटलं, प्रभू, घंटा व्हायच्या आधी अम्माच्या झाडूचा आवाज यायचा, ती आम्हां सगळ्यांच्या आधी यायची, आम्ही कधी तिला नमस्ते म्हटलं नाही. पुढचं आठवत नाही. सून मोठ्यानं रडायला लागली एवढं आठवतं, आणि तोवर तिला रडू आलंच नव्हतं असं शेजारीण म्हणाली.

परतताना फाटक बंद मिळालं. मालगाडी जात होती, संपता संपेना. तुम्ही डब्यांकडे बघत होतात, आणि माझ्याकडे न बघता बोललात. ते शब्द मी चाळीस वर्षं कुणालाही सांगितले नाहीत, म्हणून ते झिजलेले नाहीत. "माझ्याच्यानं ते पाणी घेववलं नाही. हातात धरलं, पण तोंडापर्यंत नेववेना. इतकी वर्षं तिनं माझ्या वर्गाचा केर काढला, आणि आज तिच्या दारी मी अशी वागले. तू माझंही पिऊन टाकलंस, माझी लाज झाकलीस." डबे जातच होते. तुम्ही म्हणालात, "माझ्यानं होत नाही ते तुझ्यानं होतं. तर मग या लोकांच्या पुढे तूच उभं राहायचं. नोकरी-बिकरी सगळेच करतात. तू तुमच्या देवळात उभी राहा. माझ्या तोंडून हे निघतंय याचं मलाच नवल वाटतंय, पण तू उभी राहा." गार्डाचा डबा गेला, फाटक उघडलं, आणि तुम्ही पुन्हा भराभर चालायला लागलात. माझ्याकडे तोवर तसं कुणी बघितलेलं नव्हतं. मी शिकवलेलं पटकन पाठ करणारी, नाकासमोर चालणारी मुलगी, माझ्यात कुणाला काही दिसेल असं मलाही वाटत नव्हतं. मला तहान लागली होती हे मी सांगितलं असतं तर ती नजर गेली असती. म्हणून सांगितलं नाही.

माझं पाचारण हे असं आहे. गाव झाशी, वार मंगळवार, जागा रेल्वेचं फाटक, बोलावणारी एक ब्राह्मण बाई, आणि कारण एक गैरसमज. मी ते अनेकदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. गैरसमजातून आलेली हाक हाक असते का? कधी वाटतं नसते, आणि मी चोवीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर उपदेश करत आले. मग आठवतं की पुढच्या आठवड्यात मी त्या बस्तीत पुन्हा गेले होते, एकटी, संध्याकाळी, आणि तेव्हा तहान लागली नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. अम्माच्या सुनेला अक्षरं शिकायची होती, तिला शिकवली. तिच्या नवऱ्याचं दारूचं प्रकरण झालं तेव्हा मी अकरावीत होते आणि पाद्री साहेबांना हाताला धरून तिथं घेऊन गेले होते. तुम्ही नुसतं बोललात, आणि तुमच्या बोलण्यातली मुलगी व्हायला मला धावाधाव करावी लागली. अजूनही करते आहे.

बी.ए. झालं, रेल्वेच्या शाळेत काही वर्षं शिकवलं. मग आमच्या चर्चनं बायकांनाही पाळकाची दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि मी सेमिनरीसाठी अर्ज केला. त्या अर्जात साक्ष लिहायची होती. मी टेबलाशी बसले आणि माझा हात थांबला. एका हिंदू बाईनं मला पाळक व्हायला सांगितलं, असं लिहायचं? आणि का सांगितलं, तर तिला पाणी पिववलं नाही म्हणून? त्यात तुमची बेअब्रू होती, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर माझीच भीती होती. त्या अर्जाच्या चार वर्षं आधी गुरसरायला एक मोठी जागृती सभा झाली होती, आई मला घेऊन गेली होती. तिथं देवाच्या सेवेला तयार असाल ते पुढे या म्हटल्यावर सगळ्या मुली उठल्या म्हणून मीही उठले होते, आणि पुढे जाऊन मंडपाच्या खांबाला टेकून चक्क डुलकी काढली होती, कारण दोन दिवस अंगात कणकण होती. ती सभा मी अर्जात लिहिली. गाव, वार, वचन, सगळं चोख. अर्ज मंजूर झाला. सेमिनरीला निघाले तेव्हा तुम्ही कापडी बुटांचा एक जोड दिलात. घरोघर हिंडशील, चपलांनी टाचा फुटतात, म्हणालात. बूट मला अगदी बरोबर बसले. माप कुठून मिळालं विचारलं तर म्हणालात की तू ओसरीवर बसली होतीस तेव्हा दारातली तुझी चप्पल दोऱ्यानं मोजली होती.

दीक्षेच्या दिवशी तुम्ही आमच्या देवळात आलात. चपला पायरीखाली काढून आलात, आमच्यात कुणी काढत नाही, तरी काढल्यात, आणि मागच्या बाकावर बसलात. मी वेदीपाशी उभी राहून साक्ष दिली. गुरसरायची. तोवर ती सभा बरीच वाढली होती. अर्जात नुसता आवाज आला होता, आता मंडपातला दिवा क्षणभर थरथरला होता. पुढच्या वर्षांत मी त्यात वारासुद्धा घातला. तुम्ही ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलीत. फाटकातली तुमची हाक त्यात कुठंच नव्हती. नंतर लोक हार घालत होते, फोटो काढत होते, तुम्ही गर्दी ओसरेपर्यंत थांबलात आणि मग जवळ आलात. चोराच्या मनात चांदणं, मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, "छान बोललीस. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो तुझा, तो पडू देऊ नकोस." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघालात. तुम्ही चिडला असतात तर मी त्याच दिवशी सगळं कबूल केलं असतं. तुम्ही वाक्याच्या शेवटाबद्दल बोललात, आणि आजपर्यंत मी प्रत्येक वाक्याचा शेवट सांभाळते आहे.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या दिवशी बबीन्याला छावणीतल्या एका पोराचं लग्न मी लावत होते. निरोप पोचायला दुपार झाली, आणि मी मानिक चौकात आले तोवर घाटावरून लोक परतलेही होते. वहिनी तुमच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझं काम काय असतं अशा घरी? शेजारी बसायचं, हात धरायचा, आणि मग प्रार्थना करायची. मी बसले, हात धरला. प्रार्थना ओठांवर आली आणि तिथंच राहिली. या घरात ती मागितलेली नाही, आणि तुम्हांला ती लागणार नव्हती, हे मला कळत होतं. वहिनींनी आतून चहा आणला, सगळ्यांना दिला त्याच कपांतून मलाही दिला. मी तो प्यायले आणि घरी आले. तेव्हापासून एक गोष्ट मला टोचत असते. आमच्या मंडळीतल्या कुणाचा हिंदू शेजारी वारला की लोक मला विचारतात, पास्टर दीदी, त्यांचं कसं होणार? मी म्हणते, ते देवाच्या हातात आहे, आपण बोलू नये. आणि हे मी मनापासून म्हणते. फक्त तुमचं नाव आलं की मला ते उत्तर पुरत नाही.

आता कालचं सांगते. देवळाच्या बाजूच्या खोलीत समिती बसली होती, कूलर घरघरत होता. अध्यक्ष बाहेरगावाहून आलेले, वयस्कर, शांत माणूस. त्यांच्या शेजारी आमच्या मंडळीतले निवृत्त रेल्वे गार्ड, बाकीचे तिघं ओळखीचे. माझी लेखी साक्ष त्यांच्यापुढे होती, गुरसरायची, टाइप केलेली. अध्यक्ष म्हणाले, हे आम्ही वाचलं आहे, पण तोंडानं सांगा, थोडक्यात. मी सुरुवात केली आणि दिव्यापर्यंत आले, आणि मला पुढं जाता येईना. एवढ्या मंडळ्यांवर बसायचं, दुसऱ्यांच्या साक्षी ऐकायच्या, खरं सांगा म्हणून पोराटोरांना बजावायचं, आणि आपण स्वतः डुलकी घेतलेल्या सभेवर उभं राहायचं. मी थांबले आणि म्हटलं की हे खरं नाही. मग सगळं सांगितलं. अम्मा, दोन पेले, माझी तहान, फाटक, तुमचे शब्द. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण सांगताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी उभी राहून बोलत होते हे बसायला सांगितल्यावर कळलं. तुमचं नाव घेतलं, बाई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या देवळाच्या आवारात तुमचं नाव मी मोठ्यानं घेतलं, आणि वाक्याचा शेवट पडू दिला नाही.

मग गार्ड साहेबांनी घसा खाकरून विचारलं, "तो ये बहनजी अपनी कलीसिया की थीं?" मी म्हटलं, "जी नहीं." ते म्हणाले, "फिर?" त्यांचा तो फिर खवचट नव्हता. म्हातारा बिचारा खरोखरच गोंधळला होता. बोलावणं देवाचं असतं, मग ते भलत्याच दारातून कसं आलं, हे त्याला कळत नव्हतं. अध्यक्षांना माझी दया आली असावी. त्यांनी पुढं वाकून हळुवारपणे मला वाट काढून दिली. "पर मन से? मन से तो प्रभु को मानती होंगी?"

मी म्हटलं, "जी. मन से मानती थीं."

एवढंच. एका श्वासात झालं. अध्यक्ष मागे टेकले आणि म्हणाले, प्रभु की स्तुति हो, आणि बाकीचे चौघं त्यांच्यामागून म्हणाले. गार्ड साहेबांनी डोळे पुसले. आता ती गोष्ट साच्यात बसली होती, उलट गुरसरायपेक्षाही चांगली बसली होती. शाळेतली एक लपलेली विश्वासिनी, जगाला न सांगता प्रभूवर प्रेम करणारी, आणि तिनं घडवलेली ही पास्टर दीदी. कागदावर पाचही सह्या झाल्या. चहा आला, समोसे आले. समितीतल्या एक बाई म्हणाल्या की बहनजींची ही गोष्ट आपल्या मासिकात छापली पाहिजे. एक खोटं पुसायला गेले आणि दुसरं करून आले, आणि पहिल्या खोट्यात निदान तुम्ही नव्हतात. मला तुमच्या त्या वह्या तपासणाऱ्या मानेची आठवण झाली आणि मी समोसा बशीत परत ठेवला. जिवंतपणी तुम्ही कुणाला तुमच्या देवघरात बोट घालू दिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर, तुमची परवानगी न घेता, कूलरच्या आवाजात, मी तुम्हांला ख्रिस्ती करून टाकलं.

अध्यक्षांची गाडी साडेसातची आहे, ते गेस्ट हाऊसमध्ये उतरले आहेत. आता सव्वापाच झाले. तीनदा पायात चपला सरकवल्या आणि तीनदा काढल्या. मला काय काय गमावायचं आहे ते मी स्वतःला सकाळपासून सांगते आहे. खुर्ची जाईल. दोनदा साक्ष बदलणारी बाई म्हणून नाव होईल, आणि बायकांचं हे असंच म्हणून पुढच्या वेळी दुसऱ्या कुणा बाईचं नावही निघणार नाही. मला ती खुर्ची हवी आहे, बाई, हेही सांगून टाकते. बबीन्यातल्या त्या पोरींना, बस्तीतल्या बायकांना माझा उपयोग होईल असं मला वाटतं, आणि पुढे उभी राहा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. पण ज्यांच्यापुढे उभं राहायचं त्यांना मी तुमच्याविषयी काय सांगणार, हे आज ठरवायचं आहे, आणि ते रविवारनंतर ठरवता येत नाही. म्हणून जाते. सांगेन की बहनजी हिंदू होत्या, शेवटच्या दिवसापर्यंत, मनानंही, आणि तरी मला बोलावणाऱ्या त्याच. मग त्यांना कागद फाडायचा असेल तर फाडू देत. शब्द मागे घेता येतात. चार लोकांपुढे बोललेले चार लोकांपुढे मागे घ्यायचे, त्यात काही मोठं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. वहिनी गेल्या, ते घरही कुणी गुजराती व्यापाऱ्यानं घेतलं म्हणतात. एक गोष्ट मात्र मी अध्यक्षांना सांगणार नाही, ती इथंच ठेवते. ते पाचही जण एका सुरात स्तुती म्हणाले तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. लाज नंतर आली, समोशांबरोबर. त्या क्षणी मला आनंद झाला होता. इतका आनंद मला दीक्षेच्या दिवशीही झाला नव्हता. तेवढ्या वेळापुरत्या तुम्ही आमच्यात होतात, आणि मला तुम्ही आमच्यात हव्या होतात, बाई.